अकरावीत मॅथ्स सोडणाऱ्या मुलांसाठी

अकरावी कॉमर्सचे प्रवेश सुरू झाले की पालकांचा एकच प्रश्न असतो: "मॅडम, मॅथ्स घ्यायचं की एसपी?" खरं तर बहुतेकांचं उत्तर घरूनच ठरून आलेलं असतं. दहावीला गणितानं रडवलेलं असतं, आता ते पुन्हा नको. मुलगा एसपी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस (कंपनी सचिवाच्या कामकाजाचा विषय) घेतो आणि गणिताशी त्याचा संबंध कायमचा संपतो. आर्ट्सच्या मुलांना तर हा प्रश्नही कुणी विचारत नाही.

मी ज्युनिअर कॉलेजला कॉमर्सचं गणित शिकवते. एसपीबद्दल माझी काही तक्रार नाही, विषय कामाचा आहे. माझा राग आहे तो सोळाव्या वर्षी मुलासमोर ठेवल्या जाणाऱ्या या दोनच पर्यायांवर. एक तर कॅल्क्युलससकट (बदलाचा वेग मोजायच्या वरच्या गणितासकट) सगळं गणित घे, नाहीतर गणिताचं पुस्तकच मिटून टाक. मधली वाट का नाही?

बारावी कॉमर्सच्या गणिताची दोन पुस्तकं आहेत. पहिल्या भागात आठ प्रकरणं, त्यातली सहा कॅल्क्युलसची: डेरिव्हेटिव्ह, त्याचे उपयोग, इंटिग्रेशनची तीन आणि शेवटी डिफरन्शियल इक्वेशन. मुलं घाबरतात ती या सहा प्रकरणांना. आता दुसरा भाग उघडा. कमिशन, दलाली, सूट. विमा आणि ॲन्युइटी, म्हणजे ठरावीक काळानं द्यायचे हप्ते. रिग्रेशन, म्हणजे एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज. काल-श्रेणी, म्हणजे काळाप्रमाणे बदलत जाणारे आकडे. निर्देशांक, म्हणजे किमती किती बदलल्या ते दाखवणारा आकडा. लिनिअर प्रोग्रॅमिंग, म्हणजे मर्यादेत राहून जास्तीत जास्त फायदा कसा काढायचा ते. कुठलं काम कुणाला द्यायचं आणि कोणत्या क्रमानं करायचं, याचं गणित. शेवटी संभाव्यता. या शेवटच्या प्रकरणातला थोडा भाग वगळला तर दुसऱ्या भागात कॅल्क्युलस लागतच नाही. पण पहिल्या भागाच्या धाकानं मुलं दुसऱ्या भागालाही मुकतात. ज्यांनी मॅथ्स घेतलंय त्यांच्याही वाट्याला हा भाग दिवाळीनंतर, घाईघाईत येतो.

विम्याच्या प्रकरणातलं एकच उदाहरण घ्या. दुकानातला माल 5 लाखांचा, विमा उतरवला 3 लाखांचा, नुकसान झालं 1 लाखाचं. दुकानदाराला वाटतं, विमा 3 लाखांचा आहे, म्हणजे लाख रुपये पूर्ण मिळणार. ॲव्हरेज क्लॉज (विमा कमी रकमेचा असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात, ही अट) लागू असेल तर मिळतात 60,000, कारण मालाच्या तीन पंचमांशच किमतीचा विमा होता. त्रैराशिक येणारं कुणीही मूल हे पाच मिनिटांत शिकेल. सांगली-कोल्हापूरचा 2019 चा महापूर पाहिलेल्या भागात हे गणित फक्त चाळीस-पन्नास मुलांच्या एका तुकडीला शिकवायचं आणि बाकीच्यांना नाही, हे मला पटत नाही.

आता कर्जाचं बघू. माझा एक माजी विद्यार्थी, एसपीवाला, अकाउंट्समध्ये उत्तम मार्क मिळवलेला. गाडीसाठी लाखभर रुपयांचं कर्ज घ्यायचं म्हणून कागद घेऊन आला. तीन वर्षं मुदत, 12 टक्के, फ्लॅट. "मॅडम, दुसरीकडेही बाराच टक्के सांगतायत, मग फरक काय?" आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. फ्लॅटमध्ये व्याज तिन्ही वर्षं पूर्ण लाखावर लागतं, म्हणजे 36,000. हप्ता 3,778. त्यातले 2,778 मुद्दलाचे आणि 1,000 व्याजाचे, दर महिन्याला तेवढेच. मी त्याला म्हटलं, शेवटच्या महिन्यापाशी ये. मुद्दल किती उरलंय? 2,778. आणि त्यावर एका महिन्याचं व्याज किती देतोयस? 1,000. तो त्या आकड्याकडे बघतच राहिला. हेच कर्ज 12 टक्के रिड्युसिंगनं, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज देऊन घेतलं तर हप्ता सुमारे 3,321 येतो आणि तीन वर्षांचं व्याज 19,600 च्या आत राहतं. फ्लॅटचे बारा टक्के म्हणजे रिड्युसिंगच्या हिशेबात 21 टक्क्यांच्याही थोडे वर. हे समजायला त्याला डोकं कमी नव्हतं. त्याला ते कधी शिकवलंच नव्हतं.

याची सुरुवात आपल्याच पाठ्यपुस्तकात झालेली आहे, हे मुद्दाम सांगते. नववी आणि दहावी, दोन्ही इयत्तांच्या बीजगणितात अर्थनियोजनाचं प्रकरण आहे. नववीला बचत आणि आयकर, दहावीला जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड, एसआयपी. फार चांगली प्रकरणं आहेत. पण तेव्हा मूल चौदा-पंधरा वर्षांचं असतं, त्याच्या हातात पैसा नसतो. दोन-तीन वर्षांत त्याचं खातं उघडतं, मतदानाचा हक्क येतो, कर्जाच्या कागदावर त्याची सही चालायला लागते, आणि नेमक्या त्याच वर्षांत आपण गणित काढून घेतो.

बाहेर ही मधली वाट आहे. दक्षिण आफ्रिकेत 2006 पासून दहावीपासून पुढे प्रत्येकाला गणिताचा एक विषय घ्यावाच लागतो, आणि ज्याला नेहमीचं गणित नको त्याला 'मॅथेमॅटिकल लिटरसी', म्हणजे व्यवहारातलं गणित घेता येतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला 'स्टँडर्ड' नावाचा गणिताचा विषय आहे. त्यात कॅल्क्युलस नाही, पण कर्ज, घसारा, गाडीचा इंधनखर्च, विजेचा वापर, नकाशे आणि प्रमाण, प्रकल्पाचं वेळापत्रक आखायचं क्रिटिकल पाथचं गणित, एवढंच काय, लहान मुलाला औषधाचा डोस किती हे वय-वजनावरून काढायचं सूत्रही आहे. आपल्याकडे सीबीएसईनं 2020-21 पासून अकरावीला अप्लाइड मॅथेमॅटिक्स आणलं. पाऊल चांगलं आहे, पण थोडा कॅल्क्युलस त्यातही आहेच, म्हणजे घाबरलेलं मूल बाहेरच राहतं.

यावरचा सगळ्यात खरा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मी हलका मानत नाही. असा विषय 'ढ' मुलांचा म्हणून शिक्का बसतो. शाळा निकाल वाढवायला ज्याला झेपलं असतं त्यालाही तिकडे ढकलतात, मग त्या मुलाला इंजिनिअरिंग, इकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्सची दारं बंद होतात. दक्षिण आफ्रिकेत ही तक्रार वर्षानुवर्षं होते आहे. आपल्याकडेही नववी-दहावीला सामान्य गणित हा सोपा पर्याय होता आणि तो बंद झाला. म्हणून माझं म्हणणं असं की मॅथ्स घेणाऱ्याला हात लावू नका. त्याचा विषय आहे तसाच राहू द्या. नवा विषय गणित सोडणाऱ्यांसाठी असावा, एसपीवाल्यांना आणि आर्ट्सच्या मुलांनाही खुला असावा, आणि कोणते कोर्स त्यानं मिळणार नाहीत हे प्रवेशाच्या दिवशीच पालकांना लेखी द्यावं.

आणि तो सोपा असू नये. नेमणुकीचं गणित बघा: चार कामगार, चार कामं, प्रत्येकाला प्रत्येक कामाला लागणारा वेळ वेगळा, एकूण वेळ कमीत कमी हवा. यात बेरीज-वजाबाकीशिवाय दुसरी क्रिया नाही, पण विचार भरपूर करावा लागतो. निर्देशांकही तसाच. वडिलांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून ठरतो, त्याचं आधारवर्ष 2016 आहे, हे मुलाला आकड्यानिशी मांडता आलं पाहिजे. स्पर्धा परीक्षांना टक्केवारी, व्याज आणि तक्ते वाचणं हेच विचारतात, तिथंही ही मुलं क्लासला पैसे भरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

परीक्षा मात्र बदलावी लागेल. आज बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही. त्यामुळे ॲन्युइटीचे प्रश्न तीन-चार वर्षांचे, गोल आकड्यांचे, आणि घाताची किंमत प्रश्नातच दिलेली. खऱ्या कर्जाला 36, 60, 240 हप्ते असतात. कॅल्क्युलेटर द्या, खरं वीजबिल द्या, खरी सॅलरी स्लिप द्या, दोन कर्जांचे कागद शेजारी ठेवा आणि कोणतं स्वस्त ते सकारण लिहायला सांगा. वीस अंतर्गत गुणांसाठी स्प्रेडशीटवर हप्त्यांचा तक्ता करून घ्या. कॉम्प्युटर लॅब बऱ्याच कॉलेजांत आहे.

शिकवणारं कोण, असं विचाराल तर जिथं कॉमर्सचं गणित आहे तिथं आम्ही आहोत. अर्धा अभ्यासक्रम आजही आम्हीच शिकवतो. एसपीच्या तुकडीला आठवड्याच्या चार तासिका दिल्या तर येत्या जूनपासून मी दुसऱ्या भागातलं पहिलं प्रकरण घ्यायला तयार आहे.