इंग्रजीच्या तासाला कन्नड कशाला? निपाणीच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया कळकळीने लिहिलेली आहे, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून ती उरकणं मला जमणार नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'आय डिड नॉट वेन्ट' ही चूक आपल्या भागातल्या मुलांच्या वहीत का येते आणि ती घालवायला फळ्यावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी वाक्यं शेजारी-शेजारी लिहिल्याचा कसा उपयोग होतो, असा तो लेख होता. त्यावर सरांचं म्हणणं असं: इंग्रजीचा तास इंग्रजीतच व्हावा, मुलांना इंग्रजीत विचार करायला लावावं. सीमाभागातली पोरं आधीच तीन भाषांच्या ओढाताणीत आहेत, तिन्ही एका फळ्यावर आणून मी गोंधळ वाढवतो. दहावीला मार्क मिळतात ते नियम पाठ असलेल्याला. आणि शेवटी, हे सगळं म्हणजे शिक्षकाच्या आळसाला दिलेलं शास्त्रीय नाव आहे.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण त्यामागचा राग मला समजतो. धड्याची एक ओळ इंग्रजीत वाचायची, लगेच तिचं मराठी सांगायचं, पुढची ओळ, पुन्हा मराठी. मग प्रश्नोत्तरं गाईडमधून फळ्यावर आणि फळ्यावरून वहीत. अशा तासाला वर्षभर बसलेल्या मुलाने स्वतःचं एक वाक्य इंग्रजीत बोललेलं नसतं. तुम्ही या प्रकाराला आळस म्हणत असाल तर मी तुमच्या बाजूला उभा आहे. तिथे मराठी इंग्रजीची जागा बळकावून बसते. मी लिहिलं होतं ते काही मिनिटांच्या मराठी-कन्नडबद्दल, तेही एका ठरावीक अडचणीपुरतं. त्यानंतर फळा पुसायचा आणि उरलेला तास इंग्रजीत बोलायचं.

त्या काही मिनिटांत काय होतं ते इथे पुन्हा मांडतो, म्हणजे गोंधळ वाढतो की कमी होतो ते तुम्हालाच ठरवता येईल. फळ्यावर तीन ओळी असतात.

मी गेलो. मी गेलो नाही.
आय वेन्ट. आय डिड नॉट गो.
नानु होदे. नानु होगलिल्ल.

मुलांना एवढंच विचारायचं: नकार आल्यावर क्रियापदाचं काय झालं? मराठीत 'गेलो' जागचं हललंच नाही, पुढे 'नाही' येऊन बसलं. म्हणजे 'डिड नॉट वेन्ट' लिहिणारं पोर आपल्या भाषेची शिस्त इमानाने पाळतंय. कन्नडमध्ये मात्र नकार आला की 'होदे' हे भूतकाळाचं रूप निघून जातं, मूळ 'होगु' पुढे येतं आणि काळ नकाराच्या रूपातूनच कळतो. इंग्रजीतही 'वेन्ट' जाऊन 'गो' येतं आणि काळ सांभाळायचं काम 'डिड' करतं. बंदे (आलो), बरलिल्ल. तिंदे (खाल्लं), तिन्नलिल्ल. नोडिदे (पाहिलं), नोडलिल्ल. मुलं भराभर जोड्या सांगायला लागतात. आणखी एक गोष्ट त्यांची त्यांनाच दिसते. मराठीत मी गेलो नाही, ती गेली नाही, ते गेले नाहीत असं बदलत जावं लागतं. कन्नडमध्ये नानु (मी) असो, अवनु (तो) असो की अवळु (ती), 'होगलिल्ल' तेच राहतं, आणि इंग्रजीतही 'डिड नॉट गो' सगळ्यांना एकच.

माझ्या वर्गात घरी कन्नड बोलणारी एक मुलगी होती. मराठी बोलायला बिचकायची म्हणून कुठल्याच तासाला तोंड उघडत नसे. या तीन ओळी बघून ती म्हणाली, "सर, मग हे आमच्यागतच आहे की." त्यानंतर शेजारच्या मुली तिला विचारत होत्या, "जेवलो नाही कसं म्हणायचं गं?" आणि ती 'ऊट माडलिल्ल' सांगून लगेच इंग्रजी वाक्यही जुळवून देत होती. सर, ही सोय पुण्या-मुंबईच्या वर्गाला नाही. आपल्या मुलांना दोन भाषांची व्याकरणं कानावर पडून आलेली असतात. एक अडते तिथे कधीकधी दुसरी वाट दाखवते. तीन भाषा म्हणजे ओझं, हे आपण मोठ्यांनी इतक्यांदा बोलून दाखवतो की मुलांनाही ते खरं वाटायला लागतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खानापूरच्या पश्चिमेकडच्या रानातल्या गावांत मुलांचं कन्नड पुस्तकापुरतंच असेल, तर तिसरी ओळ लिहू नये. माहीत नसलेल्या गोष्टीच्या आधाराने काही शिकवता येत नाही. आणि सगळ्या चुका आपल्या भाषांतून येतात असंही मी म्हणत नाही. 'शी गो टू स्कूल' घ्या. मराठीत जातो-जाते आहे, कन्नडमध्ये होगुत्ताने-होगुत्ताळे आहे, दोन्हींत क्रियापद बदलतं. तरी मुलं 'गोज'च्या शेवटचा तो 'एस' गाळतातच. जगभरच्या वेगवेगळ्या भाषांची मुलं इंग्रजी शिकताना तो उशिराच उचलतात, हे अभ्यासकांनी नोंदवून ठेवलंय. बोलताना त्यावरून मुलाला अडवू नये, लिहिताना आठवण करावी, एवढंच मी करतो.

आता मार्कांचं. परीक्षेत रिपोर्टेड स्पीच (दुसऱ्याचं बोलणं आपण सांगणं) येतं, व्हॉइस येतो, क्वेश्चन टॅग येतात, आणि पालक मार्कच विचारतात. हे मी हलक्यात घेत नाही. पण रिपोर्टेड स्पीचचंच बघू. नियम सगळ्यांना पाठ असतो: पर्सन बदला, टेन्स एक पायरी मागे न्या, टुमॉरोचं नेक्स्ट डे करा. अवतरण चिन्हातलं वाक्य समोर ठेवलं की मुलं ते यंत्रासारखं बदलतात आणि मार्क घेतात. तीच मुलं दोन वर्षांनी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात लागतात. तिथे काम करणाऱ्या, संध्याकाळी माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने बाहेरगावच्या ग्राहकाला फोनवर सांगितलं, "सुपरवायझर टोल्ड आय विल कम टुमॉरो." त्याला म्हणायचं होतं की सुपरवायझर उद्या येणार आहेत. ऐकणाऱ्याला वाटलं, हाच येणार आहे.

हे का होतं? आपण म्हणतो, "मी उद्या येतो म्हणून सांगितलं त्यांनी." बोलणाऱ्याचं 'मी' आपण जसंच्या तसं ठेवतो. कन्नडमध्ये "नानु नाळे बर्तेने अंत हेळिद". तिथेही 'नानु' तसंच, आणि आपल्या 'म्हणून'च्या जागी 'अंत'. या वेळी दोन्ही भाषा मुलाला एकाच दिशेला ओढतात. दहावीला पैकीच्या पैकी मिळवलेला नियम बोलताना कामाला आला नाही, कारण आपण मराठीत काय करतो याकडे त्याचं लक्ष कुणी वेधलंच नव्हतं. परीक्षेतलं वाक्य इंग्रजीतून इंग्रजीत बदलायचं असतं. फोनवरचं वाक्य मराठीतल्या मनातून निघतं. ही फट फळ्यावर एकदा दाखवली तर परीक्षेतलं वाक्यही मूल समजून लिहितं आणि मार्क कुठेच जात नाहीत.

'इंग्रजीत विचार करा' या सल्ल्याबद्दल मला जरा कडक बोलावंसं वाटतं. इंग्रजीत विचार करणं ठरवून होत नाही. वाक्यं पुष्कळ वापरून झाली की ते हळूहळू होऊ लागतं. नववीतल्या मुलाला सुरुवातीलाच तसं सांगणं म्हणजे त्याला गप्प बसवणं आहे, कारण त्याच्याजवळ जो विचार आहे तो मराठीत आहे किंवा कन्नडमध्ये.

आणि वापरण्याचा विषय निघाला आहे तर आपल्याच कर्नाटकात सुरू झालेला एक प्रयोग सांगायला हवा. १९७९ ते १९८४ या काळात इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांच्या पुढाकाराने दक्षिणेतल्या काही शाळांत 'बेंगळुरू प्रकल्प' झाला. त्यात व्याकरणाचा आखीव क्रम ठेवलाच नव्हता. मुलांपुढे नकाशा किंवा रेल्वेचं वेळापत्रक ठेवायचं, त्यावरचा प्रश्न इंग्रजीतून सोडवायला लावायचा. लक्ष अर्थावर असताना भाषेची रचना आत मुरते, असा प्रभूंचा विचार होता. मी त्यांच्याइतका टोकाला जात नाही, फळ्यावरच्या तीन ओळी मला हव्या आहेत. पण सरावाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं मला पटतं. रिकाम्या जागा भरताना मुलाला सांगायचं असं काहीच नसतं.

म्हणून माझ्याकडे सराव असा असतो. प्रत्येकाने काल केलेल्या चार गोष्टी कागदावर लिहून कागद पालथा ठेवायचा. जोडीदाराने विचारून त्या ओळखायच्या. "डिड यू गो टू खडे बाजार?" "नो, आय डिडन्ट गो टू खडे बाजार." "डिड यू गो टू युअर आंटीज हाऊस?" "येस, आय वेन्ट!" पाच-दहा मिनिटांत 'डिडन्ट' आणि मूळ क्रियापद एकत्र इतक्यांदा तोंडातून जातं की वहीतल्या पानभर अभ्यासाने ते होत नाही. आणि कंटाळाही येत नाही, कारण शेजारणीने काल काय केलं हे मुलांना खरोखर जाणून घ्यायचं असतं. रिपोर्टेड स्पीचला तिसरं मूल जोडीला घ्यावं: एकाने दुसऱ्याच्या कानात सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला इंग्रजीत कळवायचं, आणि नेमकं कोण काय करणार आहे ते तिसऱ्याने ओळखायचं. 'ही'च्या जागी 'आय' आलं की निरोप चुकतो आणि वर्ग हसतो. चूक मुलांनाच सापडते.

वर्गात साठ मुलं असतात, वह्या तपासायच्या कधी, हेही तुम्ही लिहिलंय. मी एका आठवड्यात एकाच प्रकारची चूक बघतो, बाकीच्यांना लाल शाई लावत नाही. लाल झालेलं पान मूल वाचत नाही, मिटून टाकतं.

तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे, सर. पुढच्या आठवड्यात रिपोर्टेड स्पीचचा नियम काढण्याआधी मुलांना हे मराठी वाक्य तोंडी इंग्रजीत सांगायला लावा: "बाबा म्हणाले की मी उद्या कोल्हापूरला जातो." किती जण 'आय' म्हणतात आणि किती 'ही', ते इथेच लिहा. निपाणी-चिकोडीकडे तुमच्या वर्गात कन्नड घरातली मुलं असतील, तर त्यांची उत्तरं वेगळी मांडा.