गाय जेवलं

बूट उलटे होते, हे मला माहीत होतं. एवढं एक वाक्य शर्टाच्या पाठीवर छापून घ्यावं, असं शनिवारपासून वाटतंय.

आमची बाय पावणेतीन वर्षांची. डावा बूट उजव्या पायात आणि उजवा डाव्यात, हा तिचा स्वतःचा निर्णय. घरी मी दोनदा बदलले, फाटकाशी एकदा. तिन्ही वेळा तिने तिथेच बसकण मारली, बूट काढले आणि सोनाराच्या एकाग्रतेने पुन्हा उलटे घातले. चौथ्यांदा वाकायला माझी कंबर तयार नव्हती. निघालो तसेच.

घर ते गोव्यातल्या चोडण बेटाचा धक्का, एवढ्या वाटेत सात जणांनी मला सांगितलं. सात! मासळीवाली तर डोक्यावरची पाटी सावरत थांबली. "पुता, बायेच्यो व्हाणो उरफाट्यो घाल्यात मरे!" माझ्या एका हातात छत्री, दुसऱ्यात पोर, खांद्याला पिशवी. ती पिशवी घटकाभर धरतो म्हणणारा सातांत एकही निघाला नाही. उलट दोघांनी वर विचारलं, "आवय खंय?" म्हणजे आई कुठे? ही एकटी पोरीला घेऊन बाहेर पडते तेव्हा "बापूय खंय?", बाप कुठे, असं कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही. मी घेऊन निघालो की मात्र पोर कुठून तरी उचलून आणल्यासारखे बघतात. असो. मुद्दा फेरीबोटीचा आहे.

मांडवी नदी ओलांडून रायबंदरला जायचं, तिथे माझी सासुरवाडी. पाच-सात मिनिटांचा प्रवास, चालत येणाऱ्याला तिकीट नाही. बोट धक्क्याला लागली, पुढचा लोखंडी फाळका खाली आला, तशी बाय ओरडली, "बोट जीभ काढलं!" आणि तिनेही काढली, बोटीला उत्तर म्हणून. नेमके त्याच वेळी समोरून एक मास्तर चढत होते. जीभ त्यांना पोचली.

मास्तर म्हणजे निवृत्त मराठी शिक्षक. पांढरा शर्ट, काळी छत्री, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांगडे. इतक्या वर्षांत खडू सुटला, पण चुकीवर बोट ठेवायची सवय काही सुटलेली नाही. ते नेमके आमच्याच बाकावर येऊन बसले, आधी बुटांकडे बघितलं (आठवे), मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "काढलं नव्हे. काढली. जीभ स्त्रीलिंगी."

इथे थोडं आमच्या घराबद्दल सांगायला हवं. घरात मराठी, कुंपणापलीकडे कोकणी. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामाला मराठीही चालेल असं ठरलं. बायने हा कायदा वाचलेला नाही. तिची वाटणी तिने स्वतः केली आहे: मागायचं असेल तर मराठी, भांडायचं असेल तर कोकणी. आणि पावासाठी दोन्ही नाहीत. सकाळी सायकलवरून पदेर, म्हणजे पाववाला, पों-पों करत येतो, म्हणून तिच्या लेखी पाव म्हणजे "पों". तिचा पहिला शब्दही हाच. ‘आई’ नंतर आला, आणि हे हिला अजून लागून आहे.

त्यातून शेजारच्या बायका तिच्याबद्दल कोकणी रीतीप्रमाणे नपुंसकलिंगात बोलणार. "तें आयलें? तें जेवलें?" पोरीने त्यावरून जो निष्कर्ष काढायचा तो काढला. जगात सगळंच ‘ते’. मी जेवलं. बाबा आलं. सरपंच पडलं. तिच्या व्याकरणात अपवाद म्हणून नाही. आमच्या मराठीत ‘परवा’ हा शब्द कालच्या आधी आणि उद्याच्या नंतर दोन्हीकडे चालतो, तरी कोणाची शाळा बंद पडली नाही. बायने तेवढाही घोळ ठेवलेला नाही. जे होऊन गेलं ते सगळं ‘काल’. तिचा जन्म काल झाला, आमचं लग्नही काल.

तर मास्तर. त्यांनी लिंग सुधारलं, त्यावर बायने खूश होऊन दोन्ही हात वर केले. "तुला उचल!"

"मला? मला कशाला?" मास्तर बांगड्यांसकट मागे सरकले.

मी खुलासा केला, की सगळे तिला "तुला उचलू का?" असं विचारतात, तेव्हा तिच्या हिशेबाने ‘तुला’ म्हणजे ती. मास्तरांना हे पटलं नाही. सर्वनामांत तडजोड नाही, असा त्यांचा चेहरा झाला. "बाळ, आधी सांग," ते म्हणाले, "हे बूट असे का?"

बूट उलटे घातले की चवडे बाहेर वळतात. दोन्ही बूट एकमेकांकडे पाठ करून चाललेत असं दिसतं. बायने वाकून नीट पाहिलं आणि म्हणाली, "बुटाचं भांडण झालं. बोलत नाय."

आजूबाजूचे चार जण हसले. मीही हसलो. मी मूर्ख.

"भांडण कोण करतं?" मास्तरांनी उगाच विचारलं.

"आई. बाबा पण. काल."

पुढचं समजायला पातोळ्यांचं प्रकरण सांगणं भाग आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नागपंचमीला सासूबाईंनी चौदा पातोळ्या पाठवल्या होत्या. हळदीच्या पानात वाफवलेल्या, आत चून, म्हणजे गूळ-खोबरं, वास शेजारच्या वाड्यापर्यंत. ही तेव्हा बाहेरगावी होती. मला सांगून गेली होती, डबा फ्रिजमध्ये ठेव. मी तीन खाल्ल्या आणि डबा ओट्यावर विसरलो. श्रावणातली हवा, दोन दिवसांत अकरा पातोळ्या आंबल्या. मी गुपचूप परसात जाऊन त्या वाटेवरच्या गाईला घातल्या. ही परतली तेव्हा म्हणालो, इतक्या छान झाल्या होत्या की मीच संपवल्या. मला वाटलं, निष्काळजी ठरण्यापेक्षा खादाड ठरलेलं बरं. "एकसुद्धा ठेवावीशी वाटली नाही?" यावरून चार दिवस अबोला. तोही मी सोसला. साक्षीदार एकच होता आणि त्याला तेव्हा धड वाक्य करता येत नव्हतं.

"कशावरून भांडण?" मास्तर.

"पातोळी. गाय जेवलं."

मी घाईने म्हणालो, "बघ, बघ, बगळा!" चोडणच्या बाजूला डॉ. सालिम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, खारफुटीत एरवी पाहावं तिथे पक्षी. त्या दिवशी एक बगळा हजर असेल तर शपथ.

"जेवलं नव्हे," मास्तर म्हणाले. "पूर्ण वाक्य बोल. कोणी दिली?"

"बाबा गायला पातोळी दिलं."

"बाबांनी. आणि दिली. पुन्हा."

"बाबांनी गायला पातोळी दिली."

"गाईला. एक की पुष्कळ?"

"खूऽऽप!"

"मग पातोळ्या दिल्या. कोणाच्या पातोळ्या?"

"आजीच्या!"

मला शेवटपर्यंत कळलं नाही, या माणसाला आपण काय उकरतोय हे कळत होतं की नाही. चेहऱ्यावर निव्वळ अध्यापन होतं. आयुष्यात माझं एकही वाक्य कोणी इतक्या मायेने तपासलेलं नाही. मी बाळाला खोकला आहे म्हणालो, बाय खोकली नाही. मी पिशवीतून बिस्कीट काढलं, मास्तर म्हणाले, "थांबा, आता तोंडात काही नको." स्कूटरवाल्यांनी हेल्मेटं काढली होती, ऊन नव्हतं तरी. मासळीवाली पाटी खाली ठेवून पुढे सरकून बसली. तिला वाटेत पिशवी धरायला सवड नव्हती, हे इथे नमूद करतो.

"आता सगळं एकत्र, मोठ्याने," मास्तर म्हणाले. बोट रायबंदरच्या धक्क्याजवळ आली आणि इंजिनाची घरघर एकदम खाली बसली. त्या शांततेत आमच्या बायने आयुष्यातलं पहिलं शुद्ध मराठी वाक्य उच्चारलं:

"बाबांनी आजीच्या पातोळ्या गाईला दिल्या."

"शाब्बास!" मास्तर म्हणाले. बोटीवर टाळ्या पडल्या. खरंच पडल्या.

"काल," बायने भर घातली.

"काल नाही हो, पंधरा दिवस झाले," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं. काल म्हटलं असतं तर पोराचं बोलणं म्हणून सुटलो असतो.

मासळीवालीने मान हलवली. "रांदप गायीक घालूं नये मरे. सोबना." मास्तर उठले, छत्री उघडली आणि विचारलं, "कोणाकडे चाललात?" मी सासऱ्यांचं नाव सांगितलं. ते प्रसन्न हसले. "आमच्याच वाड्यावर की! मी पुढे होतो. तुमच्या सासूबाईंना सांगतो, नात शुद्ध बोलायला लागली."

मी त्यांना गाठायचा प्रयत्न केला. पण उलट्या बुटांच्या पोरीबरोबर चिखलातून किती भराभर चालणार? आणि वाटेत नववा भेटला. त्यालाही बूट दिसले.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. चहा दिला, फरसाण दिलं, पावसाचं विचारलं. बायला जवळ घेऊन म्हणाल्या, "बूट उलटे का गो?"

"भांडण झालं."

"असं? कोणाचं?"

"बुटांचं," मी म्हणालो.

निघताना त्यांनी एक डबा दिला. हळदीच्या पानांचा वास झाकणातूनही येत होता. "हा तिच्याच हातात द्या," एवढंच म्हणाल्या. ‘तिच्याच’वर जोर जरा जास्त होता, की मला तसा ऐकू आला, देव जाणे.

परतीच्या फेरीला गर्दी होती. डबा मांडीवर, त्यावर दोन्ही हात ठेवून मी मान खाली घालून बसलो. बायने डब्याला नाक लावलं, हुंगलं, साऱ्या बोटीवर नजर फिरवली आणि स्वच्छ आवाजात विचारलं,

"बाबा, गाय खंय?"