८५ अंश दिसले म्हणजे सेन्सर जळाला? साफ खोटं

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीचा परवा फोन आला. "मामा, तीन सेन्सर जळाले, चौथा मागवू का?" दुधाच्या कॅनचं तापमान मोजायचा तिचा प्रोजेक्ट आहे, अर्डुइनो उनो हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड आणि डीएस१८बी२० या तापमान मोजणाऱ्या सेन्सर चिपचे वॉटरप्रूफ प्रोब (वायरीच्या टोकाला धातूच्या नळीत बंद केलेले सेन्सर) घेऊन. जळाले हे कशावरून ठरवलंस, विचारलं तर तिने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज पाठवला: 'सेन्सर चालत नाही? पाच खात्रीशीर उपाय.' हाच मेसेज मला आधी दोन ग्रुपवर आला होता, तेव्हा मी सोडून दिला. आता घरातलं पोर त्यापायी पैसे घालवतंय, तेव्हा गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा: '८५ अंश दिसले की चिप जळाली, फेकून द्या.' सगळ्यात जास्त नुकसान हाच करतो. डीएस१८बी२०ची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, फुकट मिळते. त्यात स्वच्छ लिहिलंय की पॉवर मिळाल्यावर तापमानाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे चिप आकडा ठेवते त्या जागेत, +८५ हाच आकडा आधीपासून असतो. हेक्समध्ये (१६च्या पायाने मोजायच्या पद्धतीत) ०५५०, म्हणजे आपल्या नेहमीच्या आकड्यात १३६०. एक पायरी ०.०६२५ अंशाची, गुणाकार करून बघा, बरोबर ८५. म्हणजे सेन्सर जिवंत आहे, बोलतोय, फक्त मोजमाप पूर्ण झालेलं नाही. जळालेली चिप ८५ सांगायला तरी कशी येईल?

मोजमाप का होत नाही? १२ बिटला, म्हणजे सगळ्यात बारीक मोजमापाला, ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो, त्याआधीच वाचलं तर जुना आकडा हाती येतो. हे पहिल्या रीडिंगपुरतं. पण दर वेळी ८५च येत असेल तर आधी पॉवर बघायची. मी भाचीकडे गेलो, ब्रेडबोर्डवरची (सोल्डर न करता वायरी खोचायच्या पट्टीवरची) पॉवरची लाल वायर बोटाने हलवली, तर ती वरच्यावर टेकलेली, आत बसलेलीच नव्हती. सेन्सर डेटाच्या वायरीतून चोरून मिळेल तेवढ्यावर जगत होता. तेवढ्यात पत्ता सांगता येतो, उत्तर देता येतं. मोजताना मात्र त्याला १.५ मिलिअँपिअरपर्यंत करंट लागतो आणि ५ व्होल्टवरून डेटाच्या वायरीला जोडलेल्या ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून जेमतेम १ मिलिअँपिअर येतो. उपाशी पडला की रीसेट, की पुन्हा ८५. वायर आत दाबली. २७.४४. कचऱ्याच्या डब्यातला दुसरा प्रोब काढून लावला, तोही ठणठणीत.

दुसरा: '-१२७ आलं म्हणजे माल डुप्लिकेट.' हा सेन्सर मोजतोच मुळी -५५ ते +१२५. -१२७ हा आकडा सेन्सरचा नाहीच, उत्तर मिळालं नाही हे सांगायला लायब्ररीने (प्रोग्राममध्ये वापरायच्या तयार कोडने) ठेवलेली ती खूण आहे. वायर, पिन नंबर, रेझिस्टर तपासा. बाजारात नकली डीएस१८बी२० भरपूर आहेत हे मात्र मान्य करावं लागतं. पण ते -१२७वरून ओळखता येत नाहीत.

तिसरा: '४.७ किलोओहमची गरज नाही, आतला पुल-अप चालू करा.' पुल-अप म्हणजे डेटाची लाईन वर, पॉवरच्या व्होल्टेजकडे, खेचून धरणारा रेझिस्टर; बोर्डाच्या आतही एक असतो. वीतभर वायर आणि एकच सेन्सर असेल तर कधीकधी चालून जातं, एवढं कबूल. पण उनोचा आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा. वायर लांब झाली की लाईन वेळेत वर येत नाही आणि बिट चुकतात. शाळेच्या टेबलावर चाललेलं गोठ्यात बंद पडतं, ते यामुळेच. एक रेझिस्टर लावायला काय जातंय?

पाचवा: '३.३ व्होल्टवर चालत नाही, ५च द्या.' चूक. ३ ते ५.५ कुठेही चालतो. उलट ३.३ व्होल्टवर चालणारा ईएसपी३२ बोर्ड असेल आणि डेटाचा पुल-अप ५ व्होल्टला बांधला, तर बोर्डाचीच पिन धोक्यात येते.

चौथा मुद्दा मुद्दाम मागे ठेवला: 'काहीच जमलं नाही तर लाल-काळी वायर उलटी करून बघा.' उलटी पॉवर मिळाली की हा सेन्सर बोट ठेववत नाही इतका तापतो. प्रोबच्या वायरींचे रंगही सगळीकडे सारखे नसतात, म्हणून विकणाऱ्याकडून खात्री करूनच जोडायचं. सुटा सेन्सर असेल तर सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली: डावीकडे ग्राउंड, मध्ये डेटा, उजवीकडे पॉवर.

भाचीचा तिसरा प्रोब खरोखर गेला होता. तो तिने या चौथ्या उपायाप्रमाणे उलटा जोडून पाहिला होता.