गुडघे टेकले म्हणून?

चर्चमधल्या मिस्सेहून (आम्हा कॅथलिकांच्या उपासनेहून) आले ती तशीच फोन घेऊन बसले आहे. चहा गार झाला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या, आज डोकं जागेवर नाही.

कम्युनियनच्या, म्हणजे फादरांकडून पवित्र भाकर घेण्याच्या, रांगेत माझ्या पुढे आमच्याच धर्मग्रामातला (पॅरिशमधला) एक पोरगा होता. विशीतला, लहानपणी वेदीसेवक होता, मिस्सेत फादरांना मदत करायचा. पाळी आल्यावर त्याने गुडघे टेकले आणि तोंड उघडलं. एवढंच. त्यावर सगळ्यांदेखत त्याला फादरांकडून ऐकावं लागलं, “उठ. उभा राहून घे. हे इथे चालत नाही.” पोरगा कानापर्यंत लाल झाला, उठला, हात पुढे केला. माझ्या मागची बाई पुटपुटली, “नवीन थेरं.”

नवीन? माझे आजोबा मरेपर्यंत असंच घेत होते.

पानवेलीच्या वाडीत राबलेला माणूस. अर्धं आयुष्य लॅटिन मिस्सा ऐकली, शब्द एक कळला नाही, पण घंटी वाजली की कुठे मान झुकवायची ते अंगात भिनलेलं. मग वेदी फिरली, फादर आमच्याकडे तोंड करून उभे राहिले, मराठी आली. सगळं गाव खूश, आजोबा धुमसत. पुढे कम्युनियनचा कठडाही, ज्यापाशी गुडघे टेकायचे तो, काढला, तर ते उघड्या लादीवर गुडघे टेकायला लागले. तेव्हाचे फादर म्हातारे होते, त्यांचीही कंबर गेलेली. ते थांबायचे, वाकायचे, जिभेवर ठेवायचे. मग बाबा आजोबांना काखेत धरून उठवायचे. सगळी रांग थांबलेली असायची आणि मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण “इथे चालत नाही” असं त्या फादरांच्या तोंडून कधी निघालं नाही.

आणि चालत नाही म्हणजे काय? रोमने 2004 साली ‘रेडेम्प्शनिस साक्रामेंतुम’ या मिस्सेबद्दलच्या सूचनापत्रात स्वच्छ लिहिलंय, परिच्छेद 91: उभं राहून हवंय की गुडघ्यावर, एवढ्या कारणावरून कुणालाही कम्युनियन नाकारता येत नाही. आता म्हणाल, नाकारलं कुठे, फक्त उठवलं. वा! जिभेवर घेण्याचंही तेच. 1969 साली पोप सहाव्या पॉलने हातावर घेण्याला वाट करून दिली, ती मागणाऱ्या देशोदेशीच्या बिशप परिषदांना दिलेली परवानगी होती. जिभेवर घेणं तेव्हा बंद केलं नाही. कोरोनात सगळ्यांनी हातावरच घेतलं ते ठीक, पण आता कुठे आहे कोरोना?

दुपारपर्यंत व्हॉट्सअॅप ग्रुपवर धुरळा उडाला होता. “आज्ञापालन शिका”, “चर्च म्हणेल ते ऐकायचं असतं”. लिहिणारे कोण? ज्यांनी केरळात एर्नाकुलमच्या (कोचीच्या) फादरांना ‘शूर’ म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या तेच. तिथल्या सिरो-मलबार या कॅथलिक चर्चच्या सिनॉडने, म्हणजे बिशपांच्या सभेने, 2021 मध्ये ठरवलं की मुख्य प्रार्थनेच्या वेळी फादरांनी वेदीकडे तोंड करायचं. तिथले फादर म्हणाले, आम्ही लोकांकडेच बघणार. भांडण इतकं चिघळलं की कोचीच्या बॅसिलिकाला टाळं लागलं, आणि डिसेंबर 2023 मध्ये पोप फ्रान्सिसना व्हिडिओ काढून ‘ऐका’ म्हणून विनवावं लागलं. तेव्हा आमच्या ग्रुपला आज्ञापालन आठवलं नाही. ते आठवलं आज, एका पोराच्या गुडघ्यांवरून.

ठीक आहे, गुडघे टेकणाऱ्या, जुनी लॅटिन मिस्साच हवी म्हणणाऱ्या या लॅटिनवेड्या पोरांपैकी काहींची डोकी यूट्यूबने फिरवली आहेत, हे मान्य. आणि आता त्यांच्याकडेच वळते, कारण तीही काही कमी नाहीत. मराठी मिस्सा ‘खालच्या दर्जाची’? आरती ओवाळली की ‘हिंदूकरण’? अरे बाबांनो, जमिनीवर बसणं, चपला बाहेर काढणं, हात जोडून नमस्कार, आरती, हे सगळं भारतीय बिशपांनी मागितलं आणि रोमने 1969 साली मंजूर केलं. लॅटिन मिस्सेच्या बाजूने उभ्या राहिलेल्या त्रेंतच्या धर्मसभेला अर्धशतक उलटलं तेव्हा, 1616 मध्ये, गोव्यात राशोलला फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं, अस्सल मराठी ओव्यांत. ते मिस्सेसाठी नव्हतं, कबूल, पण मराठीत देवाचं नाव घेतल्याने कुणाचा विश्वास पातळ झाला नाही. आणि हे बदल आणणाऱ्या ज्या व्हॅटिकन सभेला (बिशपांच्या जागतिक सभेला) तुम्ही शिव्या घालता, तिने 1963 मध्ये लॅटिन राखा असंही म्हटलंय आणि लोकभाषेला जागा द्या असंही. दोन्ही पार्ट्या आपापलं अर्धं वाक्य घेऊन भांडताहेत.

तुमचे ते लफेव्र, नवी मिस्सा न मानणारे आर्चबिशप! 30 जून 1988 ला रोमने नको म्हटलं असताना स्वित्झर्लंडच्या एकोनमध्ये चार बिशप अभिषिक्त केले, चर्चमधून बहिष्कृत झाले. त्या चौघांवरचा बहिष्कार 2009 मध्ये सोळाव्या बेनेडिक्टनी उठवला, म्हणून तेव्हा केलं ते बरोबर ठरत नाही. माझ्या आजोबांनी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं. त्यांनाही नवी मिस्सा आवडली नव्हती. पण दर रविवारी स्वच्छ धोतर नेसून तिथेच यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, मराठी गाणं सुरू झालं की ओठ मिटून घ्यायचे. वेगळं चर्च काढायला निघाले नाहीत, की शेजाऱ्याची मिस्सा खोटी आहे असंही म्हणाले नाहीत. धुमसत राहिले, पण घरात राहिले. हट्टी होते, आज्ञाधारकही होते. या दोन्ही गोष्टी एका माणसात मावतात हे आमच्या ग्रुपला कोण समजावणार?

मलाही ही पोरं कधीकधी डोक्यात जातात. मला माझी मराठी मिस्सा हवी, ढोलकीसकट हवी. 2007 मध्ये एका पोपने जुनी लॅटिन मिस्सा मोकळी केली, 2021 मध्ये दुसऱ्याने पुन्हा बंधनांत बांधली, त्याबद्दल मला रडू आलेलं नाही. पण गुडघे टेकणाऱ्या पोराला मी का घाबरू? रविवारी सकाळी विशीतली किती पोरं उठून चर्चला येतात, आजूबाजूला बघा जरा.

मघाशी त्याच्या आईला फोन केला. म्हणाली, “ताई, तो काही बोलतच नाही. पुढच्या रविवारी येणार नाही एवढंच म्हणाला.” मी सांगितलं, त्याला माझ्या बाकावर पाठव, रांगेत मी त्याच्या मागे उभी राहीन. पॅरिश कौन्सिलच्या मीटिंगमध्ये विषय काढणार आहे, परिच्छेद 91 ची झेरॉक्स घेऊन. फादर कोण, पोरगा कोण, ते कमेंटमध्ये विचारू नका, सांगणार नाही. आणि “आज्ञापालन” लिहायला येणाऱ्यांनी आधी कोचीचं उत्तर तयार ठेवा.