हेंडरसनची टक्केवारी आणि ‘नेम जन्मजात असतो’ म्हणणारे

एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये पोर्टलंडकडून खेळणाऱ्या एका तरुण गार्डवरचा, ‘स्कूट हेंडरसन म्हणजे फुसका बार’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज बास्केटबॉलवाल्यांच्या ग्रुपांमधून फिरतोय. इतर ग्रुपांवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. पण परवा आमच्या भाऊजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, आणि खाली भाच्याचं नाव घालून लिहिलं, ‘वाच आणि वेळेत शहाणा हो.’ भाचा नववीत आहे, पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारा, म्हणून खेळतो, आणि सध्या त्याचे शॉट पडत नाहीयेत. म्हणून आता उत्तर देणं भाग आहे.

मेसेजचं म्हणणं असं: पहिल्या मोसमात शंभरातले जेमतेम ३८.५ शॉट पाडणारा गार्ड पुढे कधीच मोठा होत नाही, आणि याचे तर लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट, म्हणजे थ्री, पडतच नाहीत. नेम जन्मजात असतो, शूटिंगचा बादशहा स्टेफ करीकडे बघा. मार्केल फुल्ट्झ मनाने कच्चा म्हणून संपला, हाही त्याच वाटेवर आहे. शिवाय हा बॉल फार घालवतो, पोर्टलंडचा आधीचा गार्ड डेमियन लिलार्डच्या पासंगालाही पुरत नाही, आणि जी लीग इग्नाइट या तरुणांना एनबीएसाठी तयार करणाऱ्या टीममधून आलेली पोरं अशीच निघतात.

आकडा खरा आहे, तो नाकारत नाही. २०२३च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वेंबान्यामा आणि ब्रँडन मिलर यांच्यानंतर पोर्टलंडने तिसऱ्या क्रमांकावर हेंडरसनला घेतलं. पहिल्या मोसमात तो ६२ सामने खेळला. सरासरी १४ पॉइंट, ५.४ असिस्ट (ज्यावर बास्केट होते असे पास), फील्ड गोल (चालू खेळातले सगळे शॉट) ३८.५ टक्के, थ्री ३२.५ टक्के. वाईटच. पण ‘असा गार्ड कधीच मोठा होत नाही’ हे लिहिणाऱ्याने जेसन किडचं पान एकदा उघडून बघायला हवं होतं. बास्केटबॉल रेफरन्स या साइटवर सगळं फुकटात दिसतं. १९९४-९५, डॅलस, किडचा पहिला मोसम: फील्ड गोल ३८.५ टक्के. दशांशापर्यंत तोच आकडा! थ्री तर २७.२, म्हणजे हेंडरसनपेक्षा बरेच खाली. त्या वर्षी ग्रँट हिलबरोबर किडला सर्वोत्तम नवोदिताचा मान विभागून मिळाला. २००९-१० मध्ये, पस्तिशी ओलांडल्यावर, तो थ्री ४२.५ टक्क्यांनी मारत होता. २०११ मध्ये त्याने डॅलसकडून विजेतेपद मिळवलं, आणि निवृत्त झाला तेव्हा १,९८८ थ्री त्याच्या नावावर होते. तेव्हाच्या सर्वकालीन यादीत त्याच्यापुढे फक्त रे ॲलन आणि रेजी मिलर.

किड हा अपवाद, असं कोणी म्हणेलच. तर मग हेंडरसनच्या पहिल्या मोसमात पोर्टलंडच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून कोण बसलं होतं? चॉन्सी बिलप्स. हाही ड्राफ्टमधला तिसराच, १९९७चा. पहिल्या मोसमात ३७.४ टक्के. बॉस्टनने ५१ सामन्यांत कंटाळून त्याला टोरोंटोला देऊन टाकलं. त्यानंतर तो एका टीममधून दुसऱ्या टीममध्ये फिरत राहिला, आणि २००४ मध्ये डेट्रॉइटकडून लेकर्सना हरवून अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा मेसेज १९९८ मध्ये लिहिला असता तर त्यात बिलप्सचंच नाव असतं.

गंमत अशी की मेसेजवाल्याला टीका नेमकी कुठे करायची हेही कळलेलं नाही. सगळा भर थ्रीवर. हेंडरसनने त्या मोसमात तीनशेच्या आसपास थ्री मारून पाहिले. ३२.५ आणि ३५ टक्क्यांमधला फरक तीनशे शॉटमागे सात-आठ बास्केटचा. अख्ख्या मोसमात रिंगवर फिरून बाहेर पडलेले सात-आठ बॉल आत गेले असते, तर थ्रीबद्दल हे लिहिताच आलं नसतं. खरी अडचण आतल्या बाजूला होती. दोन पॉइंटच्या शॉटवर तो बेचाळीस टक्क्यांच्या आसपास अडकला होता, आणि लीगची सरासरी चोपन्नच्या वर असते. उंच बचावपटूंच्या अंगावर जाऊन लेअप, म्हणजे रिंगजवळून अलगद सोडायचा शॉट, संपवणं त्याला जमत नव्हतं. यावर टीका करा, मी मान डोलवेन. पुढच्या मोसमात फील्ड गोल ४१.९ आणि थ्री ३५.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे तो लगेच किड झाला असं नाही. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट, ८१.९ वरून ७६.७ वर घसरले, तेही सांगून टाकतो, नाहीतर भाऊजी उद्या तेवढंच शोधून काढतील.

करीचा मुद्दा अर्धा खरा आहे. तो पहिल्याच मोसमात ४३.७ टक्क्यांनी थ्री मारत होता. मान्य. पण जन्मजात? करी शाळेत होता तेव्हा ताकद कमी पडायची म्हणून कमरेपासून बॉल उचलून फेकायचा. वडील डेल करी, स्वतः एनबीएतले पट्टीचे शूटर, त्यांनी एका उन्हाळ्यात तो शॉट पूर्ण मोडला आणि डोक्याच्या वरून सोडायला नव्याने शिकवला. त्या उन्हाळ्यात पोराला जवळून मारलेले शॉटही जमत नव्हते. ज्याचं उदाहरण ‘जन्मजात’ म्हणून देताय, त्याचा शॉट घरच्या अंगणात घडवलेला आहे. आणि एनबीएत आला तेव्हा तो कॉलेजात तीन वर्षं खेळून आलेला, २१ वर्षांचा होता. लिलार्ड चार वर्षं खेळून २२व्या वर्षी आला. हेंडरसन १९ वर्षांचा होता. लिलार्डच्या तुलनेबद्दल मला एवढंच म्हणायचंय.

आता फुल्ट्झ. खरा राग याच मुद्द्याचा आहे. मेसेजमधलं वाक्य जसंच्या तसं देतो: ‘दुखणं वगैरे सगळी नाटकं, घाबरट पोरांचे शॉट पडत नाहीत.’

फुल्ट्झ २०१७च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. वॉशिंग्टन विद्यापीठात थ्री ४१ टक्क्यांनी मारायचा. फिलाडेल्फियात आला आणि काही महिन्यांत त्याचा हातच वर जाईनासा झाला. फ्री थ्रो मारताना बॉल ढकलल्यासारखा जायचा, निम्मेही पडत नव्हते. पहिल्या मोसमात जेमतेम १४ सामने. जगभर त्याचे व्हिडिओ लावून हसले लोक. मन कमकुवत आहे, डोक्यात भीती बसली आहे, असं ज्याला त्याला वाटत होतं. डिसेंबर २०१८ मध्ये निदान झालं: थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या जागेत नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात, खांदा दुखतो, हाताला मुंग्या येतात, ताकद जाते. अशा हाताने शॉट कसा मारायचा? नंतर ऑरलँडोत तो पहिल्या मोसमात ७२ सामने खेळला, आणि पुढे फ्री थ्रो तीन-चतुर्थांशाहून जास्त पडू लागले. बाहेरचा शॉट मात्र कधीच नीट परत आला नाही. पण ‘नाटकं’? वर्षभराहून जास्त काळ एका पोराच्या दुखण्याला मनाचा कच्चेपणा म्हटलं गेलं, आणि निदान जाहीर होऊन इतकी वर्षं झाल्यावरही हे लोक तेच वाक्य फिरवतायत.

आणि ते कोणाला पाठवतायत? ज्या पोराचा गेले दोन महिने उजवा खांदा दुखतोय. हे मला त्याने मेसेज वाचल्यावर सांगितलं, तेही ‘बाबांना सांगू नकोस मामा’ या अटीवर. मी अट मोडली आणि लगेच ताईला फोन केला. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव, तोपर्यंत त्याच्या हातात बॉल देऊ नका, असं सांगितलं. त्याला फुल्ट्झचा आजार आहे असं मी म्हणत नाही, बहुधा नसेलच. या वयातली पोरं दंडात ताकद नसताना सात नंबरच्या बॉलने पावणेसात मीटरवरून थ्री मारत सुटतात. अंतर गाठायचं म्हणून कोपर बाहेर काढून, अंग वाकडं करून बॉल भिरकावतात, आणि खांदा बोलायला लागतो. उपाय साधा आहे. रिंगच्या जवळून, एका हाताने, शॉट नीट बसेपर्यंत. घाबरट म्हटल्याने कोपर सरळ होत नाही.

टर्नओव्हरचं, म्हणजे बॉल घालवण्याचं, म्हणणं बरोबर आहे. सामन्याला ३.४ म्हणजे फार झाले. लिलार्ड त्या सप्टेंबरात मिलवॉकीला गेला, आणि पोर्टलंडने २१ जिंकून ६१ हरलेल्या त्या मोसमात एकोणीस वर्षांच्या पोराकडे बरीच सूत्रं दिली. ते घडणारच होतं, तरीही जास्तच. इग्नाइटबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. ती टीम २०२४ मध्ये बंद झाली, आणि तिथून आलेला जोनाथन कुमिंगा २०२२ मध्ये गोल्डन स्टेटच्या विजेत्या टीममध्ये होता.

हेंडरसन मोठा होईल की नाही यावर मी पैज लावणार नाही. त्याचा लेअप अजून माझ्या काळजीचा विषय आहे. पण भाऊजी, पुढचा मेसेज पुढे ढकलण्याआधी त्यात दोन पॉइंटची टक्केवारी आहे का तेवढं बघा. आणि डॉक्टरांकडची वेळ शनिवारी सकाळची मिळाली आहे, गाडी तुम्हीच काढायची आहे.