गरीब व्हायचंय? आधी ऐपत बघा

महागाईचा विषय निघाला की चार जणांत एक तरी म्हणतोच, "आपल्यापेक्षा गरिबांचं बरं. रेशन फुकट, दवाखाना फुकट, टॅक्स नाही. मरतो तो मधला." तुम्हीही म्हणाला असाल. मग होऊन बघा की गरीब! फक्त भावनेच्या भरात उडी घेऊ नका. गरिबी हा खर्चिक शौक आहे आणि तो करायला गाठीला पैसा लागतो. मी स्वतः आयुष्याची पहिली चोवीस वर्षं केला, शेवटी परवडेना म्हणून सोडला. तेव्हा हे सल्ले अनुभवाचे आहेत.

आधी खोली बघा. मुंबई-ठाण्याकडे आठ-दहा लाख एकरकमी देणाऱ्याला 'हेवी डिपॉझिट'वर घर मिळतं. भाडं शून्य, आणि सोडताना सगळी रक्कम परत. त्या वाटेला जाऊ नका, तो पैसेवाल्यांचा फुकटेपणा आहे. तुम्ही दरमहा भाडं मोजायचं, अकरा महिने झाले की नवी खोली, नवा दलाल आणि टेम्पोचं भाडं. वीज मालकाच्या मीटरवरून घ्या. पहिल्या १०० युनिटांचा स्वस्त टप्पा असतो, तो चार खोल्यांत वाटला गेला की पंचवीस-पंचवीस युनिटांत आटोपतो आणि पुढचं सगळं वरच्या दराने. एक पंखा आणि एक ट्यूब एवढ्यावर एसीवाल्यांच्या टप्प्यात जाऊन बसण्याचा मान दुसरीकडे मिळायचा नाही.

पाणी ड्रमने घ्या. महापालिका नळाच्या हजार लिटरला दहा रुपयेसुद्धा घेत नाही, पण त्यासाठी नळ लागतो. २०० लिटरचा ड्रम पन्नास रुपयांना धरला तर हजार लिटरचे अडीचशे झाले. ढकलगाडीवाला चढावर आणून देत नाही, तिथून कळशा तुमच्या.

गॅस मात्र जरा निगुतीने घ्यावा लागतो. कनेक्शनला कागदपत्रं आणि डिपॉझिट लागतं, म्हणून तुम्ही छोटी टाकी घेऊन किलोवर गॅस भरायला जायचं. आमच्या गल्लीत हे काम स्टोव्ह दुरुस्तीच्या दुकानामागे चाले. तिथला माणूस मोठा सिलिंडर स्टुलावर उलटा ठेवी, पितळी नळीने आमच्या टाकीला जोडी आणि टाकी ताणकाट्याला लटकवून काट्याकडे पाहत उभा राही. फुस्स आवाज आणि तो वास. मी नाकाला सदरा लावून दाराशी, आणि भिंतीवर शेंदराने लिहिलेलं 'धूम्रपान करू नये'. काटा दोनवर जायच्या आत तो कॉक बंद करायचा आणि म्हणायचा, "झाले दोन." आई घरी टाकी हलवून बघायची, दर वेळी "कमी वाटतोय" म्हणायची, आणि दर वेळी मलाच पुन्हा पाठवायची, कारण दुसरीकडे जायचं कुठे? घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर नऊशेचा धरला तर किलोला त्रेसष्ट रुपये पडतात. गल्लीतला किलो त्याच्या दुप्पट घेतला तरी आभार माना. त्यात भडक्याची जोखीम वेगळी, तिचे तो पैसे लावत नाही.

आता प्रवास. लोकलच्या पहिल्या टप्प्याचं सेकंड क्लासचं तिकीट पाच रुपये आणि महिन्याचा पास शंभर. शहाणा माणूस पास काढतो. तुम्ही नाक्यावर उभे राहणारे आहात, आज काम मिळेल की नाही ते नऊ वाजता कळतं आणि एक तारखेला शंभराची नोट मोकळी नसते. तुम्ही रोज तिकीट काढा. जाऊन-येऊन दहा, सव्वीस दिवसांचे दोनशे साठ. तीन महिन्यांचा पास दोनशे सत्तरला मिळतो. म्हणजे महिनाभर रांगेत उभं राहून तुम्ही तीन महिन्यांच्या पासाला दहा रुपये कमी पडेल एवढी रक्कम रेल्वेला दिलीत, सुटी सुटी. वर्षाचा पास १,०८० रुपये, पण तो काढणारे लोक वेगळे.

मोबाइलचं तसंच. अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज मारत राहा, वर्षात तेरा महिने जगायला मिळतील.

उसनवारीत हात आखडता घेऊ नका. सावकार 'दहा टक्के' म्हणाला की ते महिन्याचे. व्याजाचा दर वर्षाचा सांगायची रीत बँकेची, गृहकर्जवाल्यांसाठी. पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून दहा हजारांच्या कागदावर नऊ हजार हातात येतील, अंगठा मात्र दहावर. भाजीची पाटी लावणार असाल तर त्याहून वरचा प्रकार आहे: पहाटे मार्केटला जाताना नऊशे घ्यायचे, रात्री हजार द्यायचे. दिवसाला शंभर. कोथिंबीर सुकली तरी शंभर.

बँकेत खातं हवंच, दंड भरायला. माझ्या खात्यात एकदा दोनशे बारा रुपये उरले होते. मिनिमम बॅलन्स नाही म्हणून बँकेने ते घेतले आणि त्या सेवेवर १८ टक्के जीएसटीही लावला. काउंटरवर विचारलं तर साहेब शांतपणे म्हणाले, "पैसे ठेवले असते तर कापले नसते." हे वाक्य मी पाठ केलं आहे. एक सावधगिरी: स्टेट बँकेने बचत खात्यावरचा हा दंड मार्च २०२० मध्येच काढून टाकला आणि जनधन खात्याला तो नाहीच. चौकशी न करता खातं उघडलंत तर चुकून स्वस्तात पडेल.

आजारी पडायचं तर खुशाल पडा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार फुकट आहेत. केसपेपरचा एक खाडा, तपासणीचा दुसरा, रिपोर्ट आणायचा तिसरा. तीन दिवसांची मजुरी सोडली की खर्च काहीच नाही. दाढ किडली तर हे खाडे वाचवून दुखणं अंगावर काढा. चांदी भरण्याऐवजी पुढे रूट कॅनॉलचा मोठा खर्च करायला मिळतो.

आणि अगदीच निराश होऊ नका. शाम्पूची एक रुपयाची पुडी मिलिलिटरच्या हिशेबाने मोठ्या बाटलीपेक्षा चक्क स्वस्त पडते. या बाबतीत तुम्ही बंगलेवाल्याच्या पुढे आहात. रोज डोकं धुवा. पाणी ड्रमचं, दर वर दिलाच आहे.