दर शुक्रवारी पाच गोष्टी कशा सुचवाव्यात

हल्ली प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी माणूस असतो जो दर शुक्रवारी सकाळी जगाला पाच गोष्टी सुचवतो. एक संस्कृतीतली, एक स्टाईलची, एक टेक, एक विचार आणि एक काहीतरी खायचं. आमच्याकडचा चौथ्या मजल्यावर राहतो. मी आठ महिने त्याच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर आहे (नंबर गणपतीच्या वर्गणीसाठी दिला होता, असो), त्यामुळे पद्धत आता पाठ झालीये. तुम्हालाही सुरू करायचं असेल तर लाजू नका, मी सांगते.

आधी 'हिडन जेम' म्हणायला शिका. जागा लपलेलीच पाहिजे असं काही नाही. गडकरी रंगायतन १९७८ पासून तलावपाळीला उभं आहे, अख्खं ठाणं तिथे नाटकं बघून म्हातारं झालं, तरी आपण लिहायचं 'बहुतेकांना माहीत नसलेली जागा'. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, ते तुम्हाला गेल्या महिन्यात सापडलं. अभिनंदन! आता स्टेशनपण शोधून काढा, तिथे १८५३ पासून गाडी येते.

फ्लेमिंगो जुलैमध्ये सुचवा. पाऊस लागला की बहुतेक पक्षी निघून गेलेले असतात, पण नेरूळपर्यंत जाऊन भिजणारे आपण थोडेच असतो.

स्टाईलमध्ये कोल्हापुरी चप्पल. आजोबा घालायचे तेव्हा करकर वाजते म्हणून नाक मुरडायचं, २०१९ ला जीआय (ही वस्तू याच भागातली, असा सरकारी शिक्का) मिळाला तेव्हा ढिम्म राहायचं, आणि २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तसल्याच चपला मिलानच्या रॅम्पवर चालवल्या की त्याच शुक्रवारी 'टाइमलेस क्राफ्ट'! मग गोखले रोडला जाऊन दोनशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस.

टेकमध्ये पावलं मोजणारं घड्याळ. रोज दहा हजार. हा आकडा दवाखान्यातून नाही, दुकानातून गाजला, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं त्याचं नावच होतं मानपोकेई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. पण असलं काही लिहायचं नाही, मूड जातो. आमचा सुचवणारा घड्याळ घालून चौथ्या मजल्यावर लिफ्टने जातो.

विचार मात्र जपानीच हवा. इकिगाई घ्या. चार गोल काढायचे, मधे एक ठिपका, खाली 'प्राचीन जपानी रहस्य'. शब्द जपानी आहे हे खरंच, मिएको कामिया नावाच्या बाईंनी १९६६ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. पण ते चार गोल? ते मार्क विन नावाच्या इंग्रज माणसाने २०१४ मध्ये ब्लॉगवर टाकले, दुसऱ्याच कुणाच्या तरी आकृतीच्या मधोमध इकिगाई हा शब्द बसवून. म्हणजे ते प्राचीन रहस्य आमच्या वॉशिंग मशीनपेक्षा लहान आहे.

खाण्याचं काय, काहीही सुचवा, फोटो वरून काढा.

आता पुस्तक, तेही संस्कृतीतच धरायचं. इथे नीट लक्ष द्या कारण खरा मान यातच आहे. पुस्तक विकत घ्यायचं नाही, वाचनालयातून आणायचं, एकदम चार, घरच्यांच्या कार्डांवर. पाठीवरचा नंबराचा कागद दिसू नये म्हणून त्यावर वाळलेलं फूल ठेवायचं. शेजारी कॉफीचा मग. मग फोटो, आणि खाली 'या महिन्यात मला घडवणारी पुस्तकं'. घडवणारी!

तर त्या चारातलं एक जुनं प्रवासवर्णन मी जूनपासून मागतेय. आता छापत नाहीत ते, आणि आमच्या गल्लीतल्या छोट्या वाचनालयात एकच प्रत. नाव सांगत नाही, सांगितलं तर माझ्यापुढे अजून पाच जण लागतील. दर शनिवारी जाते, बाई वही उघडतात, बोट खाली आणतात आणि म्हणतात, बाहेरच आहे हो अजून. अकरा शनिवार! तिथे कोणाकडे आहे ते सांगत नाहीत, आणि बरोबरच आहे ते. मला कळलं शुक्रवारी, त्याच्या फोटोत. फूल जरासं घसरलं होतं आणि खालून निळ्या शाईतला ७ डोकावत होता, आणि कोपऱ्यावर ती चिकटपट्टी, जी मीच लावली होती चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा आणलं तेव्हा. आणि कॉफीचा मग शेजारी नाही, पुस्तकावर. वर्तुळ उमटलेलं दिसतंय, झूम करून बघितलं मी.

संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटला. मी काही बोलायच्या आत म्हणतो कसा, "काकू, तुम्ही वाचायलाच पाहिजे ते, मस्ट रीड!" मी विचारलं, तो बोटीतला म्हातारा आठवतोय का रे? म्हणाला, "हो हो, कसला भारी लिहिलाय ना." अरे, त्या पुस्तकात बोट नाहीये! अख्खा प्रवास एसटीने आणि पायी केलाय त्या माणसाने!

आता उपरोध वगैरे जाऊ दे, मला जमत नाहीये. तू वाचत नाहीस याचा राग नाही मला, नाही वाचत लोक, ठीक आहे. पण न वाचता घरात दाबून का ठेवतोस? ज्याला खरंच हवंय तो आठवडेच्या आठवडे हेलपाटे घालतो आणि तू त्यालाच लिफ्टमध्ये सांगतोस की वाच म्हणून. चपला न घालता सुचव, घड्याळ कपाटात ठेवून सुचव, कोणाचं काही अडत नाही. वाचनालयातली एकुलती एक प्रत म्हणजे तुझ्या फोटोची सजावट नाही रे. आणि कॉफीचा मग ठेवायला खाली रद्दी घे की, आमच्याकडे ढीग आहे.

वाचनालय सोमवारी बंद असतं. बाकी दिवस संध्याकाळी साडेसातपर्यंत बाई असतात, उशिराचा दंड काय होईल तो भर, आणि डागाचं त्यांना स्वतःच्या तोंडाने सांग. शनिवारी मी जाणार आहे.